उसासकट इंदापूर

इंदापूर तालुक्यात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असं मी आठ वर्षांपूर्वी भर मांडवातून उठताना ठरवलं होतं. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे हा माझा धंदा. त्यात एकदा ‘नाही’ म्हटलं की नाही. एका पान्यावर सुरुवात करून सिन्नरला स्वतःची शेड उभी केली ती याच सवयीवर. तरी गेल्या महिन्यात सकाळी सहाला मी गाडी काढली आणि त्याच तालुक्याच्या दिशेनं निघालो.

कारण माझी मुलगी नेत्रा. ती चार वर्षं इटलीत चीजच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि तिथल्याच एनरिको नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलंय. त्याला मी हरकत घेतली नाही. लग्न सिन्नरला, आपल्या पद्धतीनं, हेही ठरलं. पण तिनं एक अट घातली. “मांडवात माझ्या मागे मामा उभा पाहिजे. तो नसेल तर मांडवच नको. कोर्टात सह्या करू आणि परत जाऊ.” आई नाही, निदान आईचा भाऊ तरी, असं तिचं म्हणणं. मी फोनवर घासाघीस करून पाहिली. चुलता चालेल का? शेजारचे काका? ती माझीच मुलगी, तसूभर हलली नाही.

मामा म्हणजे माझे मेहुणे, आबा. माझी बायको सुमन नऊ वर्षांपूर्वी गेली. वर्षभरानं आबांच्या मुलाचं लग्न निघालं. त्यांच्याकडे रीत अशी की मांडवात माइकवरून एकेका जावयाला पुढे बोलावतात आणि टॉवेल, टोपी, नारळ देऊन मान करतात. हाक लेकीच्या नावानं मारतात : अमुक ताईंचे यजमान, पुढे या. त्या दिवशी माइक खुद्द आबांच्या हातात होता. थोरल्या बहिणीचे यजमान गेले, धाकटीचे गेले, चुलत बहिणींचेसुद्धा गेले. मी शर्टाच्या बाह्या नीट करून बसलो होतो. ‘सुमनताईंचे यजमान’ ही हाक आलीच नाही. पंगती बसायला लागल्या तेव्हा मी उठलो आणि न जेवता गाडीला किल्ली मारली. बायको गेली, तिच्याबरोबर आपली जावईकीही गेली, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्या घरचं पाणी तेव्हापासून घेतलेलं नाही.

संगमनेर, आळेफाटा, मंचर, शिरूर. शिरूरपर्यंतचा मुलूख आपल्यासारखाच, कांद्याचा. चौफुल्याला सोलापूर रस्ता ओलांडला, चहा घेतला आणि सुप्यावरून पुढे गेलो. सुप्याच्या आसपास माळ इतका उघडाबोडका आहे की मेंढरंसुद्धा सावली शोधत एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी होती. मग बारामती जवळ येते तसा कालवा दिसतो आणि एकदम सगळं हिरवं होतं. ऊस, पुन्हा ऊस, मध्येच डाळिंब. गावातले रस्ते रुंद आणि स्वच्छ. कुठे हॉर्न वाजवायला कारण सापडेना. मला थोडं चुकल्यासारखं झालं.

एनरिको दूध काढायची यंत्रं बसवणारा फिटर. त्याच कामासाठी तो आधी येऊन दहा दिवस बारामतीला राहिला होता, जळोचीच्या बाजूला एका बंगल्यातल्या खोलीत. त्याला बरोबर घ्यायला गेलो तर खाली बंगल्याच्या मालकीणबाई भेटल्या.

“तुमचं पाव्हणं लई गुणी हायती,” त्या म्हणाल्या. “पर वाढलं की खात्यात, वाढलं की खात्यात. पुरे म्हनतच न्हायती. काल नऊ चपात्या झाल्या. रात्रभर पोट धरून बसलं व्हतं.”

आपल्याकडे ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढणारा थांबत नाही, हे नेत्रानं त्याला सांगितलंच नव्हतं. एनरिको खाली आला, उंच, बारीक आणि जरा पिवळा पडलेला. माझ्या पाया पडला. मग खिशातून एक वही काढली.

ही वही पुढच्या सगळ्या प्रवासात माझ्या डोक्याला ताप झाली, म्हणून तिच्याविषयी सांगतो. त्याचं इंग्रजी यंत्रांच्या माहितीपुस्तकांतलं, माझं ट्रॅक्टरच्या. मराठीचे शंभरएक शब्द त्याला नेत्रानं शिकवलेले. इंग्रजीतल्या ‘टेक’ या एका क्रियापदानं आपण अर्धं इंग्रजी बोलतो, असं त्याच्या लक्षात आलं होतं. त्याच्या भाषेत त्याला ‘प्रेन्देरे’. म्हणून त्यानं डाव्या रकान्यात टेक, मधल्यात प्रेन्देरे असं लिहून उजवा रकाना माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. तिथे मी ‘घेणे’ भरायचं.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. इंग्रजीत चहा घेतात, त्यांच्याकडे कॉफी घेतात, आपण चहा घेतो. जमलं. फोटो तिघंही घेतात. मग इंग्रज डावीकडचं वळण घेतो. आपणही घेतो. आगगाडी इंग्रज घेतो, इटालियन घेतो, आपण मात्र पकडतो. थंडी इटालियन घेतो, इंग्रज पकडतो, आपल्याला ती वाजते. झोपसुद्धा इटालियन घेतो, म्हणजे डोळा लागतो त्याला त्यांच्यात झोप घेणं म्हणतात. इंग्रज वेळ घेतो. “तुमच्याकडे?” मी विचारलं. तो म्हणाला, “आमच्यात वेळ कुणी घेत नाही. वेळ हवा असतो.” एखाद्याची टिंगल करणं याला प्रेन्देरे लावून त्यांच्यात काहीतरी म्हणतात. ते समजावून सांगायला त्याला जळोचीपासून गाव सुटेपर्यंत लागलं. शेवटी मी ओरडलो, “अरे, फिरकी घेणे! आमच्यातही तेच!” त्यानं आनंदानं ते लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, याला कधी ट्रॅक्टर विकायचा नाही. एकेक शब्द तपासून घेईल.

इंदापूर रस्त्याला उसाचा हंगाम जोरात होता. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्या पुढे बैलगाड्यांची रांग, आणि रस्त्याकडेला तोडणी कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या). एका ट्रॅक्टरमागे आम्ही पाऊण तास रखडलो. हवेत मळीचा गोडसर आंबूस वास. एनरिकोनं नाक वर करून सांगितलं, “चीजच्या कारखान्यात असाच येतो.” मी काच वर केली.

पुढे एका रसवंतीवर थांबलो. चालवणारे नवराबायको होते. नवरा घाण्यावर, बाई गिऱ्हाइकाकडे. ग्लास आला तो अर्धा बर्फानं भरलेला.

“मोठा ग्लास सांगितला होता,” मी म्हणालो.

“ह्योच मोठा हाय,” घाण्यावरचा माणूस म्हणाला.

“मग लहान दाखवा.”

त्यानं दाखवला. दोन्ही शेजारी ठेवले. बुडाची जाडी सोडली तर मला काही फरक दिसेना.

“काचंत फसवणूक आहे तुमच्या!”

“साहेब, काच आमी करत न्हाय. ऊस पिळतो.”

“बर्फ पण पिळता वाटतं?”

हे प्रकरण बरंच लांबलं. शेवटी बिनबर्फाचे दोन ग्लास त्याच भावात घेऊनच मी थांबलो. मागे वळून पाहतो तर एनरिको बाकावर त्या बाईशेजारी बसलेला, वही उघडी, बाई बोलतेय आणि हा इटालियन अक्षरांत भराभर लिहितोय. बाई हसून हसून पदर तोंडाला लावत होती. आणि निघायच्या वेळी हा भला माणूस रसवंतीच्या दाराशी बांधलेल्या उसांपैकी एक, वाढ्यासकट (शेंड्याच्या हिरव्या पानांसकट) खांद्यावर टाकून आला.

“हे कशाला घेतलंस?”

“ताई म्हणाली, घ्या.”

“कुणी काहीही घ्या म्हणालं की घ्यायचं नसतं!”

त्यानं वहीत पाहिलं. हा अर्थ तिन्ही रकान्यांत नव्हता. ऊस मागच्या काचेतून हातभर बाहेर राहिला आणि आम्ही तसेच निघालो. समोरून येणारा प्रत्येक जण आमच्याकडे बघून हसत होता.

निमगाव केतकीला पानमळे लागले. शेवग्याच्या आधारानं चढवलेले वेल, आत गारवा. दोन मिनिटं उभे राहिलो. तिथे त्यानं मला सरळच विचारलं, “नेत्रा म्हणते, तुम्ही आणि मामा बोलत नाही. का?”

मी त्याला मांडव, माइक, टॉवेल, टोपी हे सगळं आमच्या दोघांच्या इंग्रजीत सांगितलं. इतकं कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सांगायला कुणी नव्हतंच. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि वहीचं पान उलटलं. “आमच्याकडे याला प्रेन्देरसेला म्हणतात. एखादी गोष्ट स्वतःला घेणं.”

“आमच्याकडे मनाला लावून घेणं,” मी म्हणालो. “इंग्रजीतही घेतातच.”

तो थोडा वेळ पेन चावत राहिला. “तिघंही घेतात. पण दिलं कुणी?”

“आबांनी!” मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की मळ्यातला माणूस काय झालं ते बघायला बाहेर आला. रागाच्या भरात गाडी काढली, आणि गाव सुटल्यावर लक्षात आलं की मी उलट्या, बारामतीच्या दिशेनं चाललोय.

इंदापुरात बाजारात पेढे घेतले. दुकानदाराशी मी फारसा झगडलो नाही. मनात दुसरंच चाललं होतं. जुनं गिऱ्हाईक परत येतं तेव्हा काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे आधी ठरवून जावं लागतं. मी ठरवलं : पाणी घेईन. चहाही घेईन. जेवण घेणार नाही. माफी मागणार नाही आणि मागूनही घेणार नाही. पत्रिका ठेवायची, अक्षता द्यायच्या, दोन वाक्यं बोलायची. ‘येतो’ म्हणाले तर ठीक. नाही म्हणाले तर नेत्राचं कोर्ट. माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न एका टेबलावर, एका सहीत.

आबांची वस्ती इंदापूरच्या पलीकडे, रस्ता सोडून आत. डाळिंबाची बाग ओलांडली की घर. अंगण सारवलेलं. आम्ही येणार हे नेत्रानं मामीला कळवलं होतं, ते दारात पोचल्यावरच मला समजलं. वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, त्यांची सून आणि शेजारच्या एक म्हाताऱ्या आक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. सुनेनं चौकटीला आडवा हात लावला होता. आत अंधारात खाटेवर कुणी बसलेलं दिसत होतं. पांढरं धोतर तेवढं दिसलं. ते आबा.

“थांबा,” वहिनी एनरिकोला म्हणाल्या. “असं कसं आत? नवऱ्या मुलानं नाव घ्यायचं आधी.”

“त्याला काय कळतंय,” मी म्हणालो. “सोडा.”

“तुमी नगा मधी बोलू,” आक्का म्हणाल्या. “जावई कुठलाबी असूंद्या. नावाबिगर दार न्हाय.”

एनरिकोनं शांतपणे वही काढली, घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहून वाचायला लागला :

“उसाच्या रसात टाकलं आलं,
नेत्राचं नाव घेतो, दार सोडा, ऊन झालं.”

त्याच्या उच्चारात ‘आलं’चं ‘आल्लं’ झालं होतं, पण बायका इतक्या हसल्या की सुनेचा हात चौकटीवरून गळून पडला. मला तेव्हा कळलं, रसवंतीवर मी बर्फावरून भांडत असताना हा काय लिहून घेत होता.

आक्का त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला लागल्या. हा आत जाणार, तेवढ्यात वळला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, या दारातून येणाऱ्या प्रत्येकालाच हे करावं लागतं. माझ्यासाठी तो बाजूला सरकला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “आता तुम्ही. नाव घ्या.”

हसणं जागच्या जागी थांबलं. सुनेनं खाली पाहिलं. वहिनींनी पदर सावरला. विधुराला असं कुणी म्हणत नाही. म्हणू नये हे इथल्या लहान पोरालाही कळतं. एनरिको आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता. त्याचं काय चुकलं ते त्याला समजेना. वहिनी म्हणाल्या, “असूंद्या, या आत.” मी पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

आमच्या लग्नात सुमननं माझं नाव किती वेळा घेतलं असेल! पंगतीत, घास भरवताना, याच उंबऱ्यावर. मी एकदाही तिचं घेतलं नव्हतं. असली यमकं जुळवत बसायला मला वेळ नाही, असं म्हणून दोन रुपयांची नोट देऊन मी दार सोडवून घेतलं होतं. ती तेव्हा हसली होती. नंतरच्या संसारात एकदा म्हणाली होती, “तेवढं एक तरी घ्यायचं होतं.”

मी घसा खाकरला.

“बाजारात हिंडलो, भाव केला फार,
सुमनचं नाव घेतो…”

पुढचं येईना. आयुष्यभर बोलून पोट भरलं, आणि तिथे मला एक शब्द सुचेना.

आतून आवाज आला, “सोडा दार.”

आबा बोलले होते. मग वहिनी हळूच म्हणाल्या, “जुळलं.” आणि बाजूला झाल्या.

पाणी आलं, घेतलं. चहा आला, घेतला. आबा खाली बघत होते. आठ वर्षांत ते खूपच वाळले होते. मी पत्रिका पुढे ठेवली आणि ठरवलेली दोन वाक्यं म्हणायला तोंड उघडलं, तर निघालं भलतंच.

“त्या दिवशी माझी हाक का नाही मारलीत?”

“गप ऱ्हावा दाजी,” वहिनी म्हणाल्या, “आता ते कशाला?”

दाजी. बहिणीच्या नवऱ्याला इकडे म्हणतात ते. इतक्या वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता.

आबा खाटेच्या सुताशी चाळा करत म्हणाले, “यादी हातात व्हती. थोरलीचं झालं. म्होरं सुमीचं नाव. तिचं नाव घ्याया गेलो अन् तोंडच उघडंना. माइकात रडतो का काय असं झालं. म्हून तेवढं सोडून खालचं वाचलं. म्हनलं, सगळं झाल्यावर तुमच्याकडं येऊन हातानं टॉवेल देऊ. तर तुमी न्हाय. म्हनलं, बहीण गेली, आता दाजींना आमचं काय.”

धंद्यात समोरच्याचा भाव ऐकला की माझ्या तोंडात लगेच आकडा तयार असतो. आता समोर काय ठेवलंय, ते घ्यायचं की परत करायचं, काहीच उमगेना. आठ वर्षं सांभाळलेला राग त्या खोलीत कुठे ठेवावा ते कळेना. मी एवढंच म्हणालो, “मग लग्नाला या. नेत्राच्या मागे उभे राहा.”

आबांनी मान हलवली. “न्हाय जमायचं. पुन्यांदा मांडव, पुन्यांदा माइक. तिच्या पोरीच्या मागं उभा राहू अन् रडू व्हय लोकांत? दुसरं कुणीबी उभं करा. आशीर्वाद हाय माझा.”

म्हणजे नाही. सरळ, साधं ‘नाही’. आणि त्याच्याशी घासाघीस करायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. नेत्राला फोनवर कसं सांगायचं, याचीच वाक्यं मी मनात जुळवायला लागलो.

एनरिको आमच्या दोघांकडे बघत होता. ‘नाही’ हा शब्द त्याला येत होता. तो उठला आणि बाहेर गेला. गाडीचं दार वाजलं. परत आला तो ऊस घेऊन. वाढं चौकटीला अडकलं, ते त्यानं वाकवून आत घेतलं, ऊस आपल्या पाठीमागे जमिनीवर उभा धरला आणि वहीत बघत म्हणाला, “मामा नाही. तर हा मामा.”

मला काही उलगडेना. वहिनींनी मात्र तोंडावर हात ठेवला. आक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, “अगं बया! तुळशीच्या लग्नात करत्यात तसं!”

तुळशीच्या लग्नात तुळशीचा मामा म्हणून मागे ऊस उभा करतात. रसवंतीवरच्या बाईनं एनरिकोकडून ऐकलं असणार की मामा येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि तिनं आपल्या दारातला ऊस काढून याच्या हातात दिला होता. थट्टेनं दिला की मनापासून, ते आजही सांगता येत नाही.

आबा उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांनी सरळ आमच्याकडे पाहिलं.

“माझ्या जागंवर ऊस?” ते म्हणाले. “अरं, म्या काय मेलोय व्हय?”

एनरिको घाबरला, पण ऊस सोडेना.

“ठिव त्यो खाली.” आबांचा आवाज चढला. माझ्यासारखाच चढतो, हे मी विसरलो होतो. “खाली ठिव म्हन्तो ना! हितंच ऱ्हाऊदे. सिन्नरला न्यायचा न्हाय. आमच्या पोरीच्या मागं गुऱ्हाळातलं कांडकं उभं करता! लोक काय म्हनतील?”

त्यांनी स्वतः त्याच्या हातातून ऊस घेतला आणि कोपऱ्यात टेकवून ठेवला. वहिनी आतल्या खोलीकडे वळता वळता मला म्हणाल्या, “दाजी, नेत्राला म्हनावं ब्लाऊजचं माप धाडून दे. पिवळी (मामाकडची लग्नातली साडी) आमच्याकडनं असती.”

मग ताटं आली. जेवण घेणार नाही, हे माझं ठरलेलं होतं. मी तिसऱ्या भाकरीवर आडवा हात धरला तेव्हा एनरिकोनं ते नीट बघितलं आणि आपल्याही ताटावर धरला.

निघताना गाडी हलकी वाटत होती. मागे ऊस नव्हता म्हणून असेल. वाटेत एनरिकोनं वही माझ्या पुढ्यात धरली. ‘नाव घेणे’ या ओळीपुढे इंग्रजी रकाना कोरा, इटालियनही कोरा. “हे नेमकं काय आहे?” त्यानं विचारलं. मी बराच वेळ विचार केला. हाक मारणं म्हणावं, तर हाक जिवंत माणसाला मारतात. आठवण काढणं म्हणावं, तर ती मुकाट्यानंही काढता येते. ज्या नावासाठी आबांचं तोंड उघडलं नाही आणि माझं अर्ध्यावर अडलं, त्यात आम्ही दोघं नेमकं काय घेत होतो, ते मला ना त्याच्या भाषेत सांगता आलं ना माझ्या. “पुढच्या ओळीवर जा,” मी म्हणालो.

रसवंतीपाशी पुन्हा थांबलो. बाई धावतच पुढे आली. “मामाचं काय झालं?”

“ऊस ठेवून घेतला त्यांनी,” मी म्हणालो.

“मग येत्यात!” ती घाण्याकडे वळून ओरडली, “अवं, मामा येतोय!” नवऱ्यानं न विचारता दोन ग्लास भरले आणि पैसे घ्यायला नकार दिला. मी ते बळजबरीनं ठेवलेच. उसाचेही ठेवले.

ग्लास मात्र अजूनही लहानच होता, आणि ते मी त्याला सांगितलं.